अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी: रक्तगट संचाचा अभिप्राय

रक्तगट ठरवण्यासाठी प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळवलेल्या प्रतिपिंडांच्या) संचात तीन छोट्या बाटल्या असतात: निळ्या द्रवाची अँटी-ए, पिवळ्या द्रवाची अँटी-बी आणि बहुधा रंगहीन असलेली, रक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरवणारी अँटी-डी. हे रंग केवळ बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मिसळलेले असतात. रोजच्या कामात वापरलेल्या अशाच एका संचाबद्दल हे लिहीत आहे. संचातील द्रव उत्तम आहेत, मात्र सोबतचे माहितीपत्रक त्यांच्या तोडीचे नाही, असे माझे मत आहे.

स्लाइडवर रक्ताचा आणि अँटी-एचा थेंब एकत्र करून स्लाइड हलकेच डोलवली की ए गटाच्या रक्तात तीन-चार सेकंदांतच तांबड्या पेशींचे पुंजके दिसू लागतात. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात, आणि आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडाची (ठरावीक खुणेला चिकटणाऱ्या प्रथिनाची) लांबी हे अंतर ओलांडून दोन पेशींना धरण्यास सहसा पुरत नाही. या बाटल्यांतील अँटी-ए आणि अँटी-बी आयजीएम प्रकारची आहेत. पाच एकके जोडून बनलेल्या त्यांच्या प्रत्येक रेणूला प्रतिजन (पेशीवरील ती खूण) पकडणाऱ्या दहा जागा असल्याने ती अनेक पेशींना सहज एकत्र बांधतात. या संचात पुंजके मोठे बनतात आणि त्यांच्या भोवतीचा द्रव स्वच्छ राहतो. ए२बी रक्तात ए प्रतिजन क्षीण असते आणि सुमार द्रव तिथे हमखास अडखळतो. इथे प्रतिक्रिया थोडी सावकाश, पण निःसंदिग्ध मिळाली.

कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये रक्तगटांचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर कित्येक दशके हे द्रव माणसांच्या रक्तद्रवापासूनच बनत असत, त्यामुळे दाता बदलला की द्रवाची ताकदही बदलत असे. कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी 1975 मध्ये प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून अखंड वाढणारी संकरित पेशी तयार केली (या कामाचे नोबेल त्यांना 1984 मध्ये मिळाले), आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची सोय झाली. या संचाची नवी खेप उघडल्यावर प्रतिक्रियेच्या वेगात किंवा तीव्रतेत जाणवण्याजोगा फरक पडला नाही, त्याचे श्रेय या पद्धतीलाच द्यावे लागेल.

याच गुणाची दुसरी बाजू अँटी-डीच्या बाटलीत दिसते. मोनोक्लोनल प्रतिपिंड प्रतिजनाचा एकच ठरावीक भाग ओळखते, आणि काही व्यक्तींच्या डी प्रतिजनात नेमका तोच भाग नसतो. म्हणून या बाटलीत आयजीएम आणि आयजीजी अशा दोन्ही प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण असते. डी-सहा या अपूर्ण प्रकाराचे रक्त स्लाइडवर निगेटिव्ह दिसते, पण पुढे कूम्ब्स पद्धतीने (पेशींना चिकटलेली आयजीजी दुसऱ्या प्रतिपिंडाने एकत्र बांधून) तपासल्यास मिश्रणातील आयजीजी ते पकडते. अशी व्यक्ती रक्त घेणार असेल तर तिला निगेटिव्ह मानणेच सुरक्षित, कारण पूर्ण डी असलेले रक्त दिल्यास तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकते. तीच व्यक्ती रक्तदाता असेल तर मात्र तिचे रक्त पॉझिटिव्ह म्हणूनच नोंदवायला हवे. इतका महत्त्वाचा भेद माहितीपत्रकात एका त्रोटक वाक्यात, तोही भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत उरकला आहे. हे मला अक्षम्य वाटते.

दुसरी उणीव रिव्हर्स ग्रुपिंगची. रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे ज्ञात ए, बी आणि ओ पेशींशी ताडून पाहिल्याशिवाय रक्तगटाचे उत्तर पूर्ण होत नाही, आणि त्या पेशी या संचात नाहीत. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीच्या पेशींवर ए, बी यांच्या जोडीला, ज्यापासून ते दोन्ही बनतात ते एच प्रतिजनही नसते. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये प्रथम वर्णन केलेला हा गट या तीन बाटल्यांवर थेट ओ म्हणून दिसतो. प्रत्यक्षात अशा व्यक्तीच्या रक्तद्रवातील प्रभावी अँटी-एच हे एच प्रतिजन असलेल्या ओ गटाच्या पेशी नष्ट करते. पेशी वेगळ्या घ्याव्या लागतात याबद्दल तक्रार नाही, पण तशी स्पष्ट सूचना खोक्यावरच हवी होती.

किरकोळ बाबींपैकी ड्रॉपरचे थेंब सारख्या आकाराचे पडत नाहीत. दोन मिनिटांच्या आत निकाल वाचावा ही सूचना मात्र ठळक छापली आहे, आणि ते योग्यच, कारण थेंब कडेने सुकू लागला की पुंजक्यांचा भास होतो. बाटल्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्यात, गोठवू नयेत आणि द्रव गढूळ झाल्यास टाकून द्यावा.

अध्यापनाच्या प्रयोगशाळेसाठी आणि प्राथमिक तपासणीसाठी हा संच मी निःशंकपणे सुचवेन. रक्तपेढीने तो घ्यावा तो टेस्ट ट्यूब पद्धतीसाठी, ज्ञात पेशी आणि कूम्ब्स द्रव यांच्या जोडीनेच.