एक काठी की तीन काठ्या?

हौसेने गळ टाकणाऱ्यांतला हा जुना वाद. नियम जागोजागी वेगळे. अमेरिकेतल्या मिनेसोटात उघड्या पाण्यात माणशी एकच दोर, बर्फाला भोक पाडून मासे धरायचे तर दोन. इंग्लंडात कार्पसारख्या (आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा) माशांसाठी दोन काठ्यांचा परवाना वेगळा, तीनचा वेगळा.

तीन काठ्या स्टँडवर लावल्या की तीन आमिषं, पाण्यात तीन वेगवेगळ्या खोलीवर, एकदम तपासता येतात. कार्पसारखा मासा तासन्‌तास फिरकत नाही, तिथे हे सोयीचंच. पण एका काठीला मासा लागला की खरी मजा सुरू होते. तो आडवा पळतो, शेजारच्या दोन्ही दोरांना वेढा घालतो आणि तिढा सोडवेपर्यंत गळ काढायला उशीर होतो. मासा परत सोडायचा असेल तर हा उशीर त्याच्या जिवावर बेततो. शिवाय तीन काठ्या म्हणजे काठाचा मोठा पट्टा अडवणं. शेजारी बिचारा तिरका फेकणार कुठे?

हातातल्या एका काठीला माशाने नुसतं हुंगलं तरी बोटाला कळतं. काठीला झटका वेळेवर देता येतो, त्यामुळे गळ बहुधा ओठातच अडकतो, घशात उतरत नाही. मासे कमी मिळतील, मान्य. माझा कौल तरी एकीलाच.

गर्दी नसेल तर तीन लावा, खुशाल. कोणी शेजारी येऊन बसलं की मात्र त्या बाजूची काठी गुंडाळा, त्याने सांगायची वाट न बघता. आणि काठ्या पाण्यात ठेवून चहाला तर जाऊच नका.