पेडल कंट्रोलर : आठ महिने, दोन डबे

रोजचा रस्ता इंदूर ते पिथमपूर, राऊवरून. गाडी डिझेल हॅचबॅक, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ती आधी विचार करते, मग निघते. एवढ्याचसाठी पेडल कंट्रोलर घेतला, म्हणजे एक्सलरेटरचं पेडल आणि गाडी यांच्या मध्ये जोडायचा छोटा डबा. आठ महिन्यांत दोन झाले. कारखान्यात माझं काम इन्स्ट्रुमेंटेशनचं, त्यामुळे पहिला डबा फेकण्याआधी उघडून पाहिला.

यानं इंजिनाची ताकद वाढत नाही, हे आधीच सांगतो. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि दोघं वेगवेगळं व्होल्टेज ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला पाठवतात. माझ्या गाडीत एकाचं पाऊण व्होल्टपासून पावणेचारपर्यंत जातं, दुसऱ्याचं कायम त्याच्या निम्मं. डबा मध्ये बसून हे व्होल्टेज वाचतो आणि फुगवून पुढे देतो. पाय पाव दाबलेला असतो, ईसीयूला वाटतं अर्धा दाबला. टर्बोला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

पहिला डबा ३,८०० रुपयांचा. खोक्यावर ठळक अक्षरात ‘३२-बिट प्रोसेसर’. आठवडाभर मजा वाटली. मग राजवाड्याच्या गर्दीत गाडी सरकवताना हिसके बसायला लागले. पाय केसभर हलवला तर काहीच नाही, आणखी केसभर हलवला की उडी. बायको म्हणाली, "काल शिकल्यासारखी काय चालवताय?" डबा स्पोर्ट मोडवर ठेवून गर्दीत शिरणं हा माझाही मूर्खपणा होता, ते कबूल.

खरा दणका श्रावणात बसला. ओंकारेश्वरला निघालो होतो, आई मागे. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात ट्रकला ओलांडायला पेडल जोरात दाबलं आणि चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी लिंप मोडमध्ये गेली, कितीही दाबा, रांगतच राहिली. आईनं विचारलं, "रुसली का रे गाडी?" कडेला घेतली, डबा काढला, मूळ प्लग जोडला, किल्ली बंद करून पुन्हा चालू केली. चालली. इंदुरात मेकॅनिकनं स्कॅनर लावला : पी२१३८, म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांचा मेळ बसत नाही. तो म्हणाला, "भैया, डब्बा निकाल दो."

उघडल्यावर दिसलं, प्रोसेसर खरंच ३२-बिट आहे. वाचतोही १२ बिटनं, म्हणजे ५ व्होल्टचे ४,०९६ भाग, एक पायरी सव्वा मिलिव्होल्टची. पण बाहेर देताना डीएसी, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारं सर्किट, नाहीच! पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा सिग्नल, आणि तो सपाट करायला एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, बस. मीटर लावून पेडल अगदी हळू दाबलं तर आउटपुट १९-२० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी चढत होतं. ५ ला २५६ नं भागून बघा, ८ बिट निघतात. आत केशर तोलायचा काटा, बाहेर भंगारवाल्याचा तराजू. त्यात दुसऱ्या सेन्सरचा पल्लाच निम्मा, म्हणून तीच पायरी तिथे दुप्पट ढोबळ पडते.

भेरूघाटाचं कारण मात्र मला बिटमध्ये दिसत नाही. कारखान्यातला ऑसिलोस्कोप लावून पेडल झटक्यात दाबलं, तर दोन आउटपुटांपैकी एक दुसऱ्याच्या ४० मिलिसेकंद मागे राहत होतं. सावकाश दाबलं तर दोघं बरोबर. तेवढा वेळ निम्म्याचा हिशेब चुकला की ईसीयूनं संशय घ्यायलाच हवा. हा बहुधा कपॅसिटरचा दोष, आणि त्यापुढे प्रोसेसर ६४-बिट असता तरी काही करू शकला नसता.

दुसरा ११,२०० चा. खोक्यावर प्रोसेसरबद्दल अवाक्षर नाही. बसवायच्या आधीच उघडला, वॉरंटी तिथेच गेली. आत एकाच चिपमध्ये १२-बिटचे दोन डीएसी, दोन्ही एकदम बदलणारे. शिवाय संदर्भाचं ५ व्होल्ट ईसीयूकडूनच घेतलेलं. जुना डबा स्वतःच्या रेग्युलेटरवर चालायचा, तिथे ४.९१ होतं आणि ईसीयूकडे ५.०३. गाडीच्या आणि डब्याच्या फूटपट्ट्याच वेगळ्या, मग माप कसं जुळणार?

पाच महिने झाले, दिवा लागलेला नाही. गर्दीत इको मोड ठेवतो, गाडी लोण्यासारखी सरकते. मायलेज आधी होतं तेवढंच. तक्रारी आहेतच : वायर आखूड, बटणाचा निळा उजेड रात्री डोळ्यांत खुपतो, आणि ‘रेस’ मोड कुणासाठी दिलाय देव जाणे.

परवा पुन्हा ओंकारेश्वरला निघालो. गाडीत बसण्याआधी आईनं विचारलं, "तो डबा काढलास ना?"

"काढला की," मी म्हणालो. पहिला काढलाच होता.