वॉल्टन घ्यायचा, पण कोणता?

गळाचा नाद आणि जुन्या पुस्तकांचा नाद एकाच माणसाला लागला, की आज ना उद्या तो आयझॅक वॉल्टनपाशी येतोच. गळाने मासे धरण्यावरच्या त्याच्या 'द कम्प्लीट अँगलर' या सतराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकाची महती इथे सांगत बसत नाही. प्रश्न वापरलेली प्रत कोणती घ्यावी हा आहे, आणि खिशाला झेपणाऱ्या वाटा दोनच. एक म्हणजे एव्हरीमन्स लायब्ररी किंवा ऑक्सफर्डची वर्ल्ड्स क्लासिक्स, म्हणजे हातात मावणाऱ्या कापडी बांधणीच्या छोट्या आवृत्त्या. दुसरी म्हणजे कुणाला भेट द्यायला छापलेल्या मोठ्या, रंगीत चित्रांच्या आवृत्त्या. या दुसऱ्या घराण्यात १९३१ सालची आर्थर रॅकहॅमची चित्रं असलेली आवृत्ती सगळ्यात नावाजलेली. जुनी प्रत स्कॅन करून मागणीप्रमाणे छापून देतात ती पुस्तकं मी यात धरलेलीच नाहीत. वाचायला चालतात, पण त्याला संग्रह कोण म्हणेल?

चित्रांच्या बाबतीत मोठ्या आवृत्तीला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. माझ्याकडची रॅकहॅमची नाही, तेवढी ऐपत नाही, पण घाट तोच. जाड कागद, ऐसपैस समास, मोठा टाइप. चष्मा लागलेल्या माणसाला रात्री वाचताना हे सुख कळतं. वर्ल्ड्स क्लासिक्सचा टाइप मात्र डोळ्यांची परीक्षा घेतो. घरी कुणी आलं तर छोटी प्रत कपाटातून काढून दाखवावी असंही फारसं वाटत नाही.

तरीही माझं पारडं फिरलं ते आपल्या पावसाने. रंगीत चित्रं छापायला जो गुळगुळीत आर्ट पेपर वापरतात, त्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. पंचगंगा घाटावर चढायला लागली की आमच्या जुन्या घराच्या भिंतींना ओल येते, आणि आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. त्या हवेत हा लेप मऊ पडतो. चित्र जपायला वर जो पातळ झिरझिरीत कागद घातलेला असतो, तोच चित्राला चिकटून बसतो. गणपती झाल्यावर पुस्तक उघडलं तर नदीकाठच्या चित्रावर तो कागद डकवल्यासारखा. एका कोपऱ्यातून बोटाने उचलायला गेलो, तर कागद निम्म्यातच फाटला. झाडाच्या शेंड्यावर पांढरे तंतू राहिले आणि पाण्याचा थोडा हिरवा रंग त्या कागदाबरोबर निघून आला. आता दर पावसाळ्यात ते पुस्तक बाहेर काढा, पानं सुटी करा, सिलिका जेलच्या पुड्या बदला, हेच चालू असतं. डांबरगोळ्यांनी कसर पळते, ओल नाही. लोखंडी कपाटाला तर आतून घाम फुटतो.

छोट्या प्रतीला यातलं काही होत नाही. साधा कागद ओल पितो आणि ऊन पडलं की सोडतो. फार तर तपकिरी ठिपके पडतात, पण अक्षर शाबूत राहतं. फक्त दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या प्रती जपून घ्या. तेव्हा इंग्लंडात कागदाची टंचाई होती, आणि त्यांची पानं पिवळी पडून कडेला मोडतात.

शिवाय १६५३ ची पहिली आवृत्तीसुद्धा छोटीच होती, कोटाच्या खिशात जाईल अशी, आणि किंमत अठरा पेन्स. वॉल्टनने ते पुस्तक मांडीवर धरून बघण्यासाठी लिहिलं नव्हतं, असं मला तरी वाटतं. पाइक या शिकारी माशासाठी गळाला जिवंत बेडूक कसा लावावा हे तो किती निगुतीने सांगतो! मरळीसाठी बेडूक लावणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही ती पानं परकी वाटणार नाहीत, पण ती वाचायची तर पुस्तक पिशवीत टाकून पाण्यावर नेता आलं पाहिजे. मोठी आवृत्ती कोण नेणार राधानगरीला?

तुम्ही सोलापूर-जतकडचे असाल तर कदाचित उलटाच सल्ला देईन. तिथल्या कोरड्या हवेत चित्रांची प्रत वर्षानुवर्षं सुखाने राहील. कोल्हापुरातही ज्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, कोरडा आणि उन्हाचा आहे, त्यांनी माझं फार मनावर घेऊ नये. पैसेच गुंतवायचे असतील तर तो हिशोब वेगळा, त्यातलं मला कळत नाही.

कुठलीही घ्या, पण पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून अनुक्रमणिकेचा फोटो मागवा. वॉल्टनच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या. शेवटच्या, १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने गळाला पिसांची खोटी माशी लावून मासा धरण्याबद्दल दुसरा भाग जोडला. पुढच्या कितीतरी छपायांत, विशेषतः देखण्या भेट-आवृत्त्यांत, तो भाग गाळलेला असतो, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो. वर्ल्ड्स क्लासिक्समध्ये जॉन बकन यांची प्रस्तावना असलेली जी आवृत्ती आहे, तिच्यात वॉल्टन आणि कॉटन दोघेही आहेत. पहिली प्रत घेत असाल तर मी तीच शोधेन.