फ्लॉइड रोज की फिक्स्ड ब्रिज?

मेटलमध्ये लीड वाजवायचंय, पण गिटार घेताना घोडं ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे बसतात तिथे, अडलंय? फिक्स्ड ब्रिज जागचा हलत नाही; फ्लॉइड रोज दांडीने (बारने) हलवता येतो.

फ्लॉइड रोजमध्ये तार नट (मानेच्या टोकाची पट्टी) आणि सॅडल (ब्रिजवरची तारेची बैठक) दोन्हीकडे घट्ट पकडलेली असते, म्हणून बार तारा लोंबेपर्यंत दाबला तरी सूर जागेवर परततो. पण मागच्या स्प्रिंगा आणि तारा एकमेकींना तोलून धरतात. वाजवताना एक तार तुटली की उरलेल्या पाचही तारांचा सूर चढतो, सोलोचं भजं. सहावी तार ई सुरावरून डी ला उतरवली तरी हाच गोंधळ. फिक्स्डवर बाकी तारांना फारसा फरक पडत नाही.

तारा बदलायला फिक्स्डवर १० मिनिटं. फ्लॉइडवर तारेचं गोल टोक कापा, ३ मिमी ॲलन कीने आवळा, पुन्हा पुन्हा सूर लावा: अर्धा तास धराच. आणि एकेकच बदला. सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज मागे कलंडतो.

स्वस्त फ्लॉइडची धार, म्हणजे ज्या कडेवर ब्रिज डुलतो ती, मऊ धातूची. ती झिजली की सूर परतणं संपलं. त्यापेक्षा फिक्स्ड बरा.

डाइव्ह बॉम्बशिवाय (बार दाबून सूर एकदम खोल नेण्याशिवाय) चालतच नसेल आणि जोडीला दुसरी गिटार असेल, तर चांगल्या प्रतीचा फ्लॉइड घ्या. बँड सतत ट्यूनिंग बदलत असेल किंवा एकच गिटार परवडत असेल, तर फिक्स्ड.