पॉलिमर क्लेचे शंख, कवड्या आणि मणी: सोलापूरच्या उन्हाळ्यातून तावून निघालेला अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. पॉलिमर क्ले कानातल्यांसाठी फार छान, गळ्यातल्यासाठी छान, ब्रेसलेटसाठी बरी आणि अंगठीसाठी बिनकामाची. सोलापुरात राहून हा उद्योग करायचा असेल, तर क्लेच्या आधी ओव्हन थर्मामीटर घ्या.

दिवाळीनंतर सुरुवात केली, उन्हाळा पूर्ण काढला, आता पाऊस लागलाय. एवढ्यात शंख, कवड्या, लाटांनी घासलेल्या काचेसारखे तुकडे, गोटे, पोवळ्यासारखे खडबडीत मणी असा सगळा किनारा घरात भाजून झाला. आत्या एकदा आली, ट्रेमध्ये डोकावली आणि म्हणाली, "अगं, शिंपले भाजायलीस काय? खायचेत का हे?" गणपतीपुळ्याला जायचं तर आमचा दिवस प्रवासात जातो, तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

ज्यांनी हा प्रकार हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही मूळची पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच. त्यात मऊपणा ठेवणारं प्लॅस्टिसायझर आणि रंग असतात. हवेत ती वाळत नाही, भाजली की घट्ट होते. बाजारात 'क्ले' म्हणून हवेत वाळणारी आणि दोन गोळे एकत्र मळायची अशीही मिळते. ती वेगळी, या कामाला ती चालत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्यांत फिमो, स्कल्पी आणि सर्निट ही नावं जास्त दिसतात. फिमो जर्मनीची, आपल्याला पेन्सिलींमुळे माहीत असलेल्या स्टेडलर कंपनीची. लहान वडी साधारण ५७ ग्रॅमची असते आणि ती स्वस्त नाही. पण १० मिमीचे मणी वळले तर एका वडीत पन्नासहून जास्त होतात, त्यामुळे पैसे वसूल होतात. मी सुरुवातीला ऑनलाइन एक स्वस्त संच मागवला होता, चोवीस रंग आणि प्लॅस्टिकची हत्यारं. त्यातली क्ले भाजल्यावरही वाकवली की तुटायची, पाकिटावर तापमान लिहिलेलं नव्हतं, आणि विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं नाही. ते रंग आता भाच्याकडे आहेत, तो त्याचे बैल करतो. रंग कमी घ्या पण नावाजलेल्या कंपनीचे घ्या. किनाऱ्याच्या कामाला पांढरा, ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक), मोतिया, एक तपकिरी आणि एक निळा-हिरवा पुरतो. ट्रान्सलुसंट दोन वड्या घ्या, ती सगळ्यात आधी संपते.

आता तापमानाबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. फिमोला ११० अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटं, स्कल्पीच्या प्रीमो प्रकाराला १३० अंश आणि दर ६ मिमी जाडीमागे ३० मिनिटं, सर्निटला ११० ते १३० अंश. फरक वीस अंशांचा आहे, आणि आपल्या घरातल्या ओटीजीचा, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनचा, डायल एवढं बारीक काही ऐकत नाही. माझ्या ओटीजीत काटा १३० वर ठेवला की आत थर्मामीटर १५० च्या पुढे जायचा, मग कॉइल बंद होऊन एकदम खाली यायचा. त्यात आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं. कमी भाजलेला मणी दिसायला अगदी व्यवस्थित असतो. दोरा ओढताना मात्र कडक भाकरीसारखा कटकन मोडतो. जास्त तापला तर पांढरा पिवळा पडतो, आणि खरोखर जळायला लागला तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, जो छातीत जायला नको. तसं झालंच तर ओव्हन बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि खोलीबाहेर पडायचं.

उपाय साधा आहे. ट्रेमध्ये जाड फरशी ठेवायची, साधी उरलेली टाइल चालते, आणि तिच्यासकट ओव्हन वीसेक मिनिटं आधी तापवायचा. टाइल उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कॉइल चालू-बंद झाली तरी मण्यांना झटका बसत नाही. वर फॉइलचा तंबू करायचा, म्हणजे वरच्या कॉइलची धग थेट लागत नाही. मणी कॉर्नफ्लोअरच्या थरावर ठेवले की तळाला चपटा चकचकीत डाग येत नाही. मायक्रोवेव्हच्या भानगडीत पडू नका. आणि या कामाची टाइल, सुरी, लाटणं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

दुसरी उष्णता बाहेरची. सोलापूरचा एप्रिल-मे ४२-४३ अंशांना सहज पोचतो आणि ही क्ले तेवढ्या उन्हात पडून राहिली की पाकिटातच हळूहळू घट्ट होऊ लागते. मे महिन्यात मागवलेली एक पांढरी वडी कुरिअरच्या गाडीत कुठे कुठे फिरून आली कोण जाणे. उघडली तर भुगा. एखाददोन थेंब बेबी ऑइल घालून, दोन दिवस पिशवीत ठेवून, मळून मळून निम्मी वाचली, निम्मी गेली. वर्षभराची खरेदी जुलै ते फेब्रुवारीत करून ठेवणं बरं. साठा मी फ्रिजमध्ये भाज्यांच्या कप्प्यात, वेगळ्या बंद डब्यात ठेवते. डबा मात्र बघून घ्या. कडक, काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीला कच्ची क्ले चिकटून बसते आणि डबी वितळल्यासारखी होते. तळाला ५ आकडा असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा चालतो.

उन्हाळ्यात दुपारी काम करूच नये. हात गरम, क्ले इतकी लुळी की कवडीवर काढलेल्या रेघा डोळ्यांदेखत बुजतात. मी पहाटे बसते. जास्तच मऊ झाली तर दोन कोऱ्या कागदांत पातळ लाटून वर पुस्तक ठेवते. कागद जादा तेलकटपणा ओढून घेतो.

आणि एक त्रास खास आपल्या गावचा: तंतू. जिथे घरोघरी चादरी आणि टॉवेल, तिथे हवेत धागे असायचेच, आणि पांढरी क्ले ते चुंबकासारखे ओढते. टॉवेलला हात पुसून पांढरा गोळा घेतला की संपलं. ओल्या टिश्यूने हात पुसायचे, पंखा बंद, पांढरं काम सगळ्यात आधी, गडद रंग शेवटी. एवढं करूनही एखादा निळा तंतू येतोच, तो सुईच्या टोकाने उचलावा लागतो.

आता जे करण्यात मजा येते त्याबद्दल.

कवडीचा नमुना मला समुद्रावर नाही, तुळजापूरला मिळाला. आराध्यांच्या, म्हणजे भवानीच्या भक्तांच्या, गळ्यातली कवड्यांची माळ आपण लहानपणापासून बघतो. देवळाबाहेरून मूठभर कवड्या आणल्या आणि समोर ठेवून बसले. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा गोळा घ्यायचा, एका बाजूने किंचित निमुळता करायचा. उताणा ठेवून मधोमध सुरीच्या बोथट कडेने खाच पाडायची, पण सरळ नाही, किंचित वळणदार. मग सुईने खाचेच्या दोन्ही ओठांवर दात काढायचे. इथे घाई केली की कवडीऐवजी कॉफीची बी दिसते. दात आत खाचेत उतरले पाहिजेत आणि बाहेर पोटावर विरत गेले पाहिजेत. पाठीवर तपकिरी-पिवळ्याची हलकी छटा, तीही मधेच जास्त. खऱ्या कवडीची पाठ चकचकीत असते, कारण जिवंतपणी त्या प्राण्याचं मांस बाहेर येऊन कवचाला वरूनही झाकून ठेवतं, त्याला ओरखडे लागत नाहीत. म्हणून कवडीला वॉर्निश हवंच.

काचेच्या तुकड्यांचं बरोबर उलटं. समुद्री काच म्हणजे बाटल्या फुटून वाळूत आणि लाटांत वर्षानुवर्षं घासलेले तुकडे. पांढरी, हिरवी, तपकिरी जास्त सापडते, निळी कमी, लाल फारच क्वचित. ट्रान्सलुसंट क्लेत रंगाचा अगदी तिळाएवढा कण मिसळायचा. मळताना वाटतं की रंग लागलाच नाही, भाजल्यावर तो गडद होतो. ओव्हनमधून काढून गरम असतानाच बर्फाच्या पाण्यात टाकला की तुकडा जास्त नितळ दिसतो. आणि मग पॉलिश न करता ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर (पाण्यात वापरायच्या सँडपेपरवर) घासून तसाच सोडायचा. माझ्याकडच्या बहुतेक बायकांना आधी चमकणारेच आवडले, घालून बघितल्यावर मात्र हे धुरकट हिरवे उचलले गेले. चमक आणली की ती गोळ्या-चॉकलेटं वाटतात, हे माझं ठाम मत.

खडबडीत पोवळ्यासाठी बारीक मीठ. मणी वळायचा, मिठात घोळवायचा, तळहाताने दाबत फिरवायचा, भाजायचा आणि रात्रभर पाण्यात टाकायचा. मीठ विरघळून जातं, मागे छिद्रं राहतात. जाडं मीठ घेतलं तर छिद्रं बेढब होतात. मीठ पूर्ण निघालंय ना ते बघा, नाहीतर हुक गंजतो. गोट्यांना राखाडी ट्रान्सलुसंटमध्ये मिऱ्याची जाडसर पूड. ग्रॅनाइटचा आभास होतो. तारामासा सगळे करतात, मलाही जमला, पण आता बघवत नाही.

घासायचं काम पाण्यातच करायचं, म्हणजे धूळ नाकात जात नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे वाहत्या पाण्याखाली घासायची चैन नाही. एका टोपात पाणी आणि थेंबभर भांडी घासायचं लिक्विड, त्यात ४००, ६००, १००० असे पेपर. हे पेपर क्राफ्टच्या दुकानात महाग पडतात, गाड्यांच्या रंगाचं सामान मिळतं तिथे घ्या. टोपातलं पाणी रात्रभर निवळू देते, जुन्या सुती कापडातून गाळते आणि खालचा गाळ कचऱ्यात टाकते. समुद्राच्या नावाने दागिने करायचे आणि प्लॅस्टिकचा भुगा गटारात सोडायचा, हे काही मनाला पटत नाही. तसं बघितलं तर दागिनाच प्लॅस्टिकचा आहे, हे मैत्रिणीने ऐकवलं: "मग नकोच करू की बे!" तिच्या कानात तेव्हा माझेच शंख होते.

वापराबद्दल. रोज ऑफिसला घातलेल्या लोंबत्या कानातल्यांना काही झालेलं नाही. दोन-एक मिमी जाडीची नीट भाजलेली पाती किंचित वाकते आणि परत सरळ होते, फरशीवर पडूनही शाबूत. टेराकोटा या बाबतीत हरते. घामाने क्लेला काही होत नाही, पण साधे हुक एका उन्हाळ्यात काळे पडले आणि एका ताईंचा कान चिघळला. आता मी फक्त सर्जिकल स्टीलचे हुक लावते. मागून चिकटवलेल्या फिरकीच्या काड्या इन्स्टंट ग्लूने टिकत नाहीत. भाजायच्या आधीच तारेची कडी आत रुतवायची, किंवा काडीवर लिक्विड क्लेचा पातळ थर देऊन परत भाजायचं. वॉर्निश पाण्यावर आधारित घ्या. पारदर्शक नेलपॉलिश लावलेला एका ओळखीच्या बाईंचा शंख काही आठवड्यांनी चिकट झाला आणि पर्समधला कागद त्याला कायमचा जडला. नेलपॉलिश रिमूव्हर आणि अत्तर दोन्ही लांब ठेवा.

ब्रेसलेटचे मणी टेबलावर घासून मनगटाच्या खालच्या बाजूला मंद होतात. गोट्यांचं ब्रेसलेट असेल तर ते खपून जातं, कवड्यांच्या ब्रेसलेटची चमक मात्र विद्रूप उतरते. अंगठ्या भांडी, चावी, हँडल यांत अडकून कडेने तुटतात. दोन ऑर्डरींनंतर मी त्या घेणं बंद केलं.

माळांसाठी एक सुचवते. मणी स्वतः ओवण्यापेक्षा पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात गुंफणाऱ्या कारागिराकडे, गाठवून घ्या. माझ्या नेहमीच्या पटवेकरीकाकांनी पहिल्यांदा मणी हातात घेऊन दाताला लावून बघितला, "हलकंय की" म्हणाले आणि भोकाकडे बोट दाखवलं. त्यांना रेशमी दोरा दुहेरी जाईल एवढं भोक हवं होतं. तेव्हापासून कच्च्या मण्याला सुईने टोचून झाल्यावर मी भोकातून स्वेटर विणायची बारीक सुई फिरवते, दोन्ही बाजूंनी, म्हणजे एका टोकाला फुगवटा येत नाही. गाठवलेल्या माळेत प्रत्येक मण्यामागे गाठ असते, मणी एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटला तरी सगळे मणी घरभर पळत नाहीत. काका मजुरी मण्यांच्या संख्येवर घेतात, म्हणून मी आता मणी थोडे मोठे करते.