यशोगाथांचा एक दिवसाचा सेमिनार: ५ पैकी २ स्टार, आणि ते दोन कशाचे ते सांगते

मे महिन्यात कोल्हापूरला एक दिवसाचा सेमिनार केला, मोठमोठ्या उद्योजकांकडून यशाचे धडे असा विषय होता, फी १,९९९ रुपये, त्यात चहा, जेवण आणि एक वही. नाव देत नाही, कारण असे सेमिनार आता सगळीकडे होतात आणि मला जे सांगायचंय ते बऱ्याच जणांना लागू होईल. मी जयसिंगपूरला घरून उडदाचे पापड, कुरड्या, सांडगे करून विकते, सासूबाई आणि मी दोघीच. सहा वर्षं झाली. त्यामुळे मी एकच प्रश्न घेऊन गेले होते, की पावसाळ्याचे चार महिने माल वाळत नाही तेव्हा धंदा चालू कसा ठेवायचा.

हॉल चांगला होता, एसी, आवाज नीट, वेळेवर सुरू झालं, जेवण गरम. त्याबद्दल तक्रार नाही.

सकाळचं पहिलं सेशन केएफसीच्या कर्नल सँडर्सवर. पासष्टाव्या वर्षी हातात काही नाही, हजारावर लोकांनी नकार दिला तरी माणूस हरला नाही, अशी गोष्ट सांगितली, मागे म्युझिक लावलेलं, माझ्या शेजारच्या पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. मला पण भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन वाचलं तर तो माणूस १९३० पासून केंटकीतल्या कॉर्बिन गावात हायवेवर लोकांना जेवायला घालत होता, आधी पेट्रोल पंपावर, मग स्वतःच्या हॉटेलात. कढईत चिकन तळायला अर्धा तास जायचा, गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून त्याने प्रेशर कुकरमध्ये तळून बघितलं आणि वेळ खूप कमी झाला. मसाला १९४० पर्यंत पक्का झालेला, आणि पहिली फ्रँचायजी १९५२ लाच गेली, युटामधल्या पीट हार्मन नावाच्या हॉटेलवाल्याला. नवीन हायवे गावाबाहेरून गेल्यावर धंदा बसला हे खरंय, पण तोपर्यंत रेसिपी, तळायची पद्धत आणि पहिलं गिऱ्हाईक तिन्ही त्याच्याकडे होतं! आता सांगा, माझ्यासारख्या बाईला उपयोगाचं काय, म्युझिक का कुकर?

मग लिज्जत. सात बायका, ८० रुपये, आणि आज किती मोठं नाव, बायकांनो तुम्ही पण करू शकता, टाळ्या. पाच मिनिटांत विषय संपला. मी हात वर केला आणि विचारलं, सर पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, बुरशी धरते, त्याचं काय करावं. सर म्हणाले, ताई, पाऊस बाहेर नाही, तुमच्या मनात आहे, माइंडसेट बदला. लोक हसले. मला वाईट वाटलं, कारण मी मनापासून विचारलं होतं.

आणि याचं उत्तर लिज्जतच्याच गोष्टीत आहे हो! त्या बायकांनी १५ मार्च १९५९ ला गिरगावात इमारतीच्या गच्चीवर सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं. पैसे उसने घेतलेले, छगनलाल पारेख यांच्याकडून. आणि पहिल्या पावसाळ्यात त्यांचं पण काम बंद पडलं, चार महिने! दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. झालं, पावसात पण पापड वाळायला लागले. पहिल्या वर्षाची विक्री सगळी मिळून ६,१९६ रुपये होती. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करायच्या, एक स्वस्तातला, तर छगनबापांनी सांगितलं की एकच करा, चांगलाच करा. हे सगळं सांगायला दहा मिनिटं पुरली असती, पण सांगितलं नाही.

किर्लोस्करांचं तर नावच नाही आलं. किर्लोस्करवाडी इथून काही लांब नाही, हॉलमधले निम्मे लोक सांगली-मिरजेकडचे. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग लोखंडी नांगर काढला तर शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे १९१० ला औंध संस्थानच्या राजांनी माळरानाची जागा दिली तेव्हा कारखाना उभा राहिला. मला असं ऐकायचं असतं, की माल खपत नव्हता तेव्हा काय केलं आणि मदत कुणी केली. कारण मदत घेतली म्हणजे कमीपणा असं आमच्यात अजून वाटतं, आणि असे सेमिनार ते अजून पक्कं करतात.

आता दोन स्टार. जेवणानंतर एक गूळ-चिक्कीवाले काका बोलले, स्टेजवरची सवय नव्हती, कागद हातात थरथरत होता, पण त्यांनी फळ्यावर एका किलोचा हिशोब मांडला आणि आम्हाला आपापला मांडायला लावला. मी लिहिलं, डाळ, मिरी, हिंग, पापडखार, तेल मिळून २००, दळण आणि गॅस १५, पिशवी-लेबल १५, रिक्षा आणि पार्सल ३०, झाले २६०, आणि मी विकत होते ३२० ला. साठ रुपये, ते पण दोघींचे दोन दोन तास धरले नाहीत तेव्हा. म्हणजे या सेमिनारची फी म्हणजे माझे तेहतीस किलो पापड. सहा वर्षांत हे मी कधी कागदावर मांडलं नव्हतं. काकांना चाळीस मिनिटं मिळाली, त्यांना पूर्ण दिवस द्यायला हवा होता.

शेवटचा दीड तास फक्त पुढचा कोर्स विकण्यात गेला, २५,००० चा, आजच भरा तर १८,०००. दारं लावली नव्हती पण उठायला लाज वाटेल असं वातावरण केलेलं. नवीन कुणी जात असेल तर एटीएम कार्ड घरी ठेवून जा, आणि हिशोबाचं सेशन आहे का ते आधी फोन करून विचारा, नसेल तर जाऊ नका.

आम्ही जुलैमध्ये जुनी लोखंडी बाज काढली, वर सुती साडी पसरली, खाली विटांवर शेगडी अगदी मंद. पहिल्या खेपेला कडा वळल्या, आच जास्त झाली होती. मग शेगडी एक वीट खाली घेतली आणि सासूबाई दर वीस मिनिटांनी पापड उलटत बसल्या. दुसरी खेप चार किलोची, एकसारखी वाळली, ३६० ने इचलकरंजीला गेली.