मराठे-कंपनी की चीन-ऑकस? प्रबंधाचा विषय निवडताना

इंदूरला इतिहासात किंवा राज्यशास्त्रात एम. ए. करणारी आपली मुलं विचारतात: दोस्तांमधले मतभेद अभ्यासायचे, तर कंपनी सरकारसमोरचे मराठे घ्यावेत की चीनसमोरचे आजचे मित्रदेश? दोन्हीकडे एक सत्ता वाढते आहे आणि जोडीने उभं राहायला हवं ती मंडळी भांडताहेत. पण भांडणाची जात निराळी आहे.

जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडवला. ऑक्टोबरात शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटग्यांनी त्याचा सूड म्हणून आपलं इंदूर लुटलं. त्याआधी एप्रिलात दुसऱ्या बाजीराव पेशव्याने यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. महादजी, अहिल्याबाई, नाना फडणवीस सगळे १८०० पर्यंत गेलेले. शिंदे-होळकरांना समोरासमोर बसवून समेट घडवील असं वजनदार माणूसच उरलं नव्हतं. म्हणून १८०३ मध्ये शिंदे-भोसले असई, अडगावला लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा शिंदे तहात बांधले गेले होते. बडोद्याच्या गायकवाडांनी तर १८०२ मध्येच कंपनीची फौज पदरी घेतली होती. कंपनीचा धोका कळत नव्हता असं नाही. शेजारच्या सरदाराची धास्ती त्याहून मोठी होती. या फुटीचं सगळं खापर एकट्या यशवंतरावांवर फोडणं मला मुळीच पटत नाही.

आजच्या दोस्तांची भांडणं कंत्राटांची आणि बाजारपेठेची. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने फ्रान्सबरोबरचा पाणबुड्यांचा करार मोडला आणि अमेरिका-ब्रिटनबरोबर ऑकस हा संरक्षण करार जाहीर केला. फ्रान्सने कॅनबेरा आणि वॉशिंग्टनमधले राजदूत माघारी बोलावले. पुढच्या जूनमध्ये ५५.५ कोटी युरो भरपाईवर प्रकरण मिटलं. विजेवर चालणाऱ्या चिनी मोटारींवरच्या युरोपीय संघाच्या जादा शुल्काला जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये विरोध केला, तरी ते लागलं आणि युरोपीय संघ फुटला नाही. क्वाड या भारत-अमेरिका-जपान-ऑस्ट्रेलिया गटातून २००८ मध्ये अंग काढून घेतलेला ऑस्ट्रेलिया २०१७ मध्ये परत आला. रुसून परत येण्याची वाट इथे उघडी असते.

साधनांचं म्हणाल, तर आजच्या विषयाचे करार आणि निवेदनं घरबसल्या मिळतात, पण गोष्ट अजून संपलेली नाही. जुन्या विषयाची मराठी कागदपत्रं बहुतेक मोडीत आहेत. पूना रेसिडेन्सीचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीचा, पत्रव्यवहार छापील आहे, पण त्यात नजर इंग्रजांची.

मोडी येत नसेल आणि हाताशी वर्षच असेल, तर ऑकस घ्या. मोडी येत असेल, तर मराठ्यांचा विषय सोडू नका. इंदूरकराला तो परका नाही: आपल्या रेसिडेन्सी भागाचं नावच १८१८ च्या मंदसौर तहानंतर इथे बसलेल्या इंग्रज रेसिडेंटावरून, म्हणजे दरबारातल्या प्रतिनिधीवरून, पडलं आहे. मात्र सगळं युद्ध अंगावर घेऊ नका. उज्जैनच्या लढाईपासून शिंदे-कंपनीमधल्या सुर्जी-अंजनगावच्या तहापर्यंतची अडीच वर्षं धरा आणि एकच प्रश्न लावून धरा: समेटाची बोलणी कोणी केली, आणि ती नेमकी कुठे अडली?